तोक्तोसुनच्या कम्प्युटरमधला दुसरा माणूस

"हे काय, चहा निवायच्या आत होईल!"

असं म्हणून तोक्तोसुनने बाह्या सरसावल्या. नुरीलाने तेव्हाच त्याच्या हातातला पेनड्राइव्ह हिसकावून घ्यायला हवा होता. पण नवरा इतक्या उत्साहात घरातलं एखादं काम करायला निघालाय, हे दृश्यच इतकं दुर्मिळ होतं, की ती बघत राहिली!

तोक्तोसुन हा काराकोलमधला नावाजलेला तमादा. लग्न असो, बारसं असो, माइक हातात घेऊन सगळी मैफल हाकायची, भाषणं करायची, पाहुण्यांना हसवायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या मते गावात तमादा एकच होता. गावाच्या मते दोन होते. दुसरा शाबदान! आणि अलीकडे गाव शाबदानला जरा जास्तच हसत होतं.

तोक्तोसुनची सगळी भाषणं लॅपटॉपवर असत. पण तो लॅपटॉप चालू करून मेंढी कापायला घ्यावी, ती शिजवावी, पाहुणे जेवून हात पुसून निघून जावेत, तरी पडद्यावर आपलं ते गोल गोल फिरतच असायचं! म्हणून बाजारात कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रिनातने त्याला पेनड्राइव्हवर एक नवी सिस्टीम दिली होती. तो तोक्तोसुनला 'बाइके', म्हणजे दादा, म्हणायचा.

"साधीसुधी नाही, बाइके! बारीस नावाच्या उस्तादाने स्वतः कापून-छाटून बनवलीय. सगळा फापटपसारा काढून टाकलाय. शर्यतीच्या घोड्यासारखी पळेल!"

आणि पळालीही! लॅपटॉप असा झटकन चालू झाला, की तोक्तोसुन दचकला. त्या भरात त्याने नुरीलाचा लॅपटॉपही ओढला आणि त्याच्यावरही तीच सिस्टीम चढवली. नुरीला औषधांच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून काहीतरी टाइप करत बसायची. दुकानाचं काम, असं ती म्हणायची. तोक्तोसुनने कधी डोकावून पाहिलं नव्हतं. खोकल्याच्या औषधात डोकावण्यासारखं काय असतं?

पहिला दणका बसला तो एका आजोबांच्या वाढदिवसाला. तोक्तोसुनने कागद धरला आणि गडगडाटी आवाजात वाचलं, "या थोर माणसाने सासऱ्याला तीन डोंगर दिले आणि मग नवरी आणली!"

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले! आजोबांनी तीन उंट दिले होते. आमच्या किरगिझ भाषेत 'ओ'च्या पोटात आडवी रेघ असली की उंट होतो, नसली की डोंगर. आणि ती रेघ कागदावर कुठेच नव्हती! आजोबा मात्र खूश झाले. घरी जाईपर्यंत ते प्रत्येकाला कुठला डोंगर कुठे होता ते सांगत होते.

तोक्तोसुन तडक रिनातकडे गेला.

"माझी अक्षरं कुठे गेली?"

रिनातने दोन-चार बटणं दाबली. "अरेच्चा! उस्तादाने फापटपसाऱ्यात किरगिझ कीबोर्डही काढलाय, बाइके!"

"फापटपसारा? माझी मातृभाषा?"

"बसवून देतो ना! चिडताय काय?"

अक्षरं परत आली. पण तोक्तोसुनच्या मनात संशयाचा किडा शिरला तो शिरलाच. उंटाचाच डोंगर बरा झाला? तोही भर कार्यक्रमात? जाता जाता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "शाबदानही तुझ्याकडेच येतो का रे?"

"सगळेच येतात की!"

हं! म्हणजे येतो!

त्यात शनिवार जवळ आला होता. घरं बांधणाऱ्या झिर्गालबेकच्या मुलीचं लग्न! मुलीकडून तमादा तोक्तोसुन, मुलाकडून शाबदान. एकच सभागृह, एकच माइक. त्या दिवशी जो पडेल, त्याला पुढच्या हंगामात कोणी बारशालासुद्धा बोलावणार नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

तोक्तोसुन लिहायला बसला. 'प्रेम हे बर्फाने झाकलेल्या शिखरासारखं असतं...' एवढं लिहून तो पुढच्या शिखराचा विचार करत होता, तोच पडद्यावरचा बाण आपणहून हलला! तोक्तोसुनने दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. बाण हलतोच आहे! मग शिखराच्या पुढे अक्षरं उमटू लागली. 'मुलाचा काका म्हणाला, घोडा शहाणा होता, तो वेळेवर थांबला, मीच एकटा पुढे...'

तोक्तोसुन फिस्सकन हसला. आणि लगेच त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. ही शैली त्याच्या ओळखीची होती. शाबदान! मेल्याने आपल्या घरात सुरुंग लावलाय!

त्याने कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. पडदे ओढले. समोरच्या गच्चीवरची डिश अँटेना कालपर्यंत पश्चिमेला तोंड करून होती, आज आपल्याकडे बघतेय असं त्याला वाटलं. नुरीला चहा घेऊन आली तर त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"हळू! ऐकतायत!"

"कोण?"

"ते!"

नुरीलाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिचाही चेहरा जरा उतरलेला होता, पण हेराला पकडायला निघालेल्या माणसाला बायकोचे चेहरे वाचायला सवड कुठली?

थोड्या वेळाने बाण पुन्हा हलला. तोक्तोसुन टपूनच होता. त्याने टाइप केलं, 'कोण आहेस तू?'

बाण थबकला. मग उत्तर उमटलं. 'तू कोण आहेस? आणि माझ्या लिखाणात शिखरं का घालतोस?'

'नाटकं नकोत! शाबदानचा डाव मला कळलाय!'

बाण मागेपुढे झाला. मग, 'शाबदानचं तुला कसं कळलं? कोणाला सांगू नकोस. माझ्या नवऱ्याला कळलं तर आभाळ कोसळेल.'

नवऱ्याला? तोक्तोसुन ताडकन उठला आणि पुन्हा बसला. म्हणजे ही बाई! शाबदानची बायको! विनोद ही लिहिते, भाव तो खातो, आणि गुपित फुटलं हे त्याला कळता कामा नये! त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

'तुझा नवराही तमादाच ना?' त्याने खात्री करून घेतली.

'हो. माणूस वाईट नाही. पण तो विनोद सांगायला लागला की लोक सूपच्या वाडग्यात बघतात.'

वा! शाबदानच्या घरातच ही परिस्थिती! तोक्तोसुनची बोटं आता नाचू लागली. 'मी ओळखतो त्याला. फुगलेला कोंबडा आहे नुसता!'

'कोंबडा आहेच. घोरतोसुद्धा. आणि बायकोने काही सुचवलं तर म्हणतो, हे तुझं काम नाही.'

'गाढव आहे! बाई, माझं ऐक. अशा नवऱ्याला आजच्या आज सोडून दे!!!'

आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून नुरीलाची किंकाळी आली, "अहो, ऐकलंत का! हा कम्प्युटर मला सांगतोय, तुम्हाला सोडून दे म्हणून!"

तोक्तोसुन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. टेबलावर, पिठाच्या परातीशेजारी नुरीलाचा लॅपटॉप. पडद्यावर त्याचंच वाक्य, तिन्ही उद्गारचिन्हांसकट!

रिनातला फोन लावला. तिकडे तो हसायचाच थांबेना.

"दोन्हीवर एकच घातलीत? एकाच घरात? बाइके, उस्तादाने त्यात दुरून मदत करायची सोय ठेवलीय, ती आपोआप चालू होते. दोन्ही लॅपटॉपचं नाव एकच, चावी एकच! ते बिचारे एकमेकांना मदत करतायत!"

"शाबदान नाहीच कुठे?"

"शाबदानकडे कम्प्युटरच नाही! तो मोबाइल घेऊन येतो माझ्याकडे."

तोक्तोसुनने फोन ठेवला. नुरीला परातीतलं पीठ उगाचच मळत होती.

"औषधांचं दुकान, काय?" तो म्हणाला.

"मग? हसणं औषधच आहे की."

"त्या शाबदानला? आपल्या घरातून?"

"विनोद आधी तुम्हालाच दिले होते!" नुरीलाने पिठाचे हात कमरेवर ठेवले. "वसंतात केस गळणाऱ्या उंटाचा सांगितला, आठवतं? तुम्ही म्हणालात, यात हसण्यासारखं काय आहे? मग तोच शाबदानने सांगितला, तेव्हा चहा तुमच्या नाकातून आला! रुमाल मीच दिला होता!"

तोक्तोसुनने नाकाला हात लावला. चहा खरंच नाकातून आला होता.

तो खाली बघत म्हणाला, "शनिवारचं... माझ्यासाठी काही आहे का?"

"शाबदानचं झालंय लिहून. तुमचं बघते. पण शिखरं काढून टाकणार!"

शनिवारी तोक्तोसुनने माइक धरला आणि सभागृह लोळायचं तेवढं बाकी राहिलं. मुलाकडचे हसले, मुलीकडचे हसले, वाढपी ताटं घेऊन उभेच राहिले. झिर्गालबेक डोळे पुसत पुढे आला आणि माइकवरच ओरडला, "तोके, खरं सांग, तुला हे लिहून कोण देतं?"

तोक्तोसुनने छाती फुगवली. समोर तिसऱ्या टेबलाशी नुरीला तळलेले बोर्सोक खात बसली होती. त्याची छाती हळूहळू खाली आली.

"माझी बायको," तो म्हणाला.

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तोच! लोकांनी टेबलं बडवली. एक म्हातारा तर खुर्चीवरून घसरला. तोक्तोसुन "अहो, खरंच! शपथ!" म्हणत राहिला, आणि दर शपथेला हशा वाढतच गेला.

एकटा शाबदान हसला नाही. नुरीलानेच लिहून दिलेला कागद घट्ट धरून तो तिच्याकडे टक लावून बघत होता.