मंगळवारचे चार तास

"वेंडेल, किल्ली दे इकडे. आजपासून फोर्कलिफ्टला हात लावायचा नाहीस," मुकादम लॉयड म्हणाला, आणि त्याचेच डोळे भरून आले.

वेंडेल बघतच राहिला. ओहायोतल्या त्या रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं तो फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलून ठेवणारी गाडी, चालवत होता. बायकोची, ओपलची, केमोथेरपी सुरू झाली म्हणून त्याने दर मंगळवारी चार तासांची रजा मागितली होती. घरच्या माणसाच्या आजारपणासाठी अशी तुकड्यातुकड्यांची रजा कायद्याने मिळते. पण दवाखान्यातल्या बाईने रजेच्या अर्जावर रुग्ण म्हणून त्याचंच नाव लिहून टाकलं होतं.

"अरे, मला काही झालेलं नाही!"

"माझे वडीलही असंच म्हणायचे," लॉयडने नाक पुसलं.

खरं कारण सांगायचं, तर ओपलचं नाव घ्यावं लागणार. आणि तिने बजावलं होतं, "कुणाला कळता कामा नये. लोक बिचारी म्हणायला लागले, की मी खरंच बिचारी होईन."

त्याने किल्ली देऊन टाकली. कुणीतरी त्याला खुर्ची दिली, कुणी गुडघ्यांवर शाल टाकली. संध्याकाळी तो कारखान्यातल्या लोकांनी दिलेले मॅकरोनीचे तीन भलेमोठे डबे घेऊन घरी आला.

ऐकून ओपल पोट धरधरून हसली, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. "उद्या मी येते. सांगून टाकू खरं काय ते. तुझी नोकरी महत्त्वाची."

दुसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून ती ऑफिसात आली. तोंड उघडायच्या आतच लॉयडने तिचे दोन्ही हात धरले. "ओपल, कसं गं निभावतेस एकटी? केवढी खंबीर आहेस!"

गेले तीन महिने दवाखान्यातले लोक तिला पाहून आवाज खाली आणायचे. खंबीर कुणीच म्हटलं नव्हतं. पाठ करून आणलेलं वाक्य ती गिळून बसली.

"काय करणार, लॉयड? गोळी घ्यायची म्हटलं की लहान मुलासारखा रडतो. पण मी आहे ना."

वेंडेलने आ वासला.

रजेचं काम बघणाऱ्या मिसेस हॅरिगन मघापासून तिचा रुमाल आणि हातावर सुई टोचल्याजागी लावलेली पट्टी बघत होत्या. त्यांनी अर्ज पुन्हा वाचला.

"लॉयड, त्याची किल्ली देऊन टाक. माणूस ठणठणीत आहे. दवाखान्याची चूक दिसते, मी दुरुस्त करून घेते. मंगळवारची रजा मात्र राहील."

"ठणठणीत आहे, तर रजा कशाला?"

"ते विचारायचा तुला अधिकार नाही."

लॉयडने वेंडेलला किल्ली दिली. "सुटलीस बाई," तो ओपलला म्हणाला, "तुझी काळजी मिटली."

"हो ना," ती म्हणाली. मग दोघं हातात हात घालून दारापर्यंत इतकी सावकाश चालत गेली, की कोण कुणाला सावरतंय ते मागून बघणाऱ्याला कळलं नसतं.