पुढे पाणी, मागे पुस्तकं

सांगायला संकोच वाटतो, पण सांगतोच. मी घर बांधलं! चाकांवरचं! स्वतःच्या हातांनी!

हे हात कसले, ते आधी सांगायला हवं. एका कॉलेजच्या ग्रंथालयात छत्तीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारलेले हात. माझं नाव साहेबराव. नावात साहेबही आहे आणि रावही, माझ्यात मात्र दोघांपैकी कुणीच उतरलेलं नाही. ग्रंथालयात मुलं गोंगाट करायची, तेव्हा ‘शांतता राखा’ एवढं म्हणायचासुद्धा मला धीर होत नसे. पाटी लिहून भिंतीवर लावली होती, ती त्यांच्याकडे न बघता बोटानं दाखवायचो.

अशा माणसानं वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हातात ड्रिल मशीन घेतलं, ते बायकोपायी. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी करुणाला म्हटलं होतं, “तुला अजिंठा दाखवीन.” छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा शंभर किलोमीटर! जपानहून माणसं येऊन बघून जातात. आम्हाला कधी परीक्षा आडव्या आल्या, कधी आजारपणं, कधी कुणाची लग्नं. आता करुणाचे गुडघे म्हणतात, तासातासाला आडवं पडायला हवं. लॉजची बाथरूम तिला चालत नाही. एके दिवशी टीव्हीवर लेण्यांची चित्रं दाखवत होते, तर ती उठून आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, “राहू द्या आता. टीव्हीत दिसतंय की.”

ते वाक्य मला झोंबलं हो! मी ठरवलं, बाथरूमच घेऊन जायचं! पलंगही न्यायचा! सगळं घरच न्यायचं!

मुकुंदवाडीत एकाची ज्यूसची गाडी बंद पडून होती. जीपच्या मागे जोडायची, दोन चाकांची, पत्र्याची खोली. तिच्यावर हसऱ्या अननसाचं चित्र होतं. मी ती घेतली आणि कामाला लागलो. व्हिडिओ बघितले, वह्या भरल्या, स्वप्नातसुद्धा स्क्रू पिळले. घडीचा पलंग झाला, छपरावर सोलरची प्लेट झाली, पंखा झाला! गुलमंडीतून फुलाफुलांचं कापड आणून पडदे शिवून घेतले. कोपऱ्यात मोरीएवढी बाथरूम झाली. दार मागच्या बाजूला होतं, ते तसंच ठेवलं.

आणि टाकी! बाहेरच्या माणसाला प्रवासाच्या गाडीत आधी पलंग सुचत असेल, आमच्या शहरातल्या माणसाला आधी टाकी सुचते. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. पाहुणे आले की आम्ही ‘बसा’ म्हणायच्या आधी ड्रमचं झाकण उचलून बघतो. त्यामुळे दोन माणसांच्या एका मुक्कामासाठी मी तब्बल तीनशे लिटरची टाकी बसवली. गाडीच्या अगदी पुढे, आणि बाहेरून हातपाय धुवायला तिला झकास पितळी नळ!

वेल्डिंगवाला कडूबा गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, “सर, पुढं लई वजन झालं. दोनच चाकं हायेत. तराजूगत काम असतं हे. मागं बी तेवढंच टाका कायतरी.”

मागे काय टाकायचं? वजनदार, टिकाऊ, घरात मुबलक असलेलं? वाचकहो, माझ्या अंगावर आनंदानं काटा आला!

मी रद्दीवाल्याला वजनकाटा घेऊन बोलावलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला अखेर उपरती झाली. “चाचा, सब निकाल रहे क्या? माशाअल्लाह!” असं म्हणत तो भराभर माझी पुस्तकं सुतळीनं बांधायला लागला. ‘विकायची नाहीत, फक्त मोजायची आहेत’ हे सांगायला मला अर्धा तास लागला आणि तोवर एकवीस गठ्ठे झाले होते. तो जाताना माझ्याकडे असा बघत गेला, जसा डॉक्टर हाताबाहेर गेलेल्या रोग्याकडे बघतो. पण वजन कळलं. दोनशे ऐंशी किलो! दाराच्या दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकून मी ती सगळी विषयवार लावली.

करुणा कमरेवर हात ठेवून बघत होती. “एका रात्रीच्या मुक्कामाला इतकी पुस्तकं?”

“ही पुस्तकं नाहीत,” मी म्हणालो, “हा समतोल आहे!”

“बरं,” ती म्हणाली. पंचेचाळीस वर्षांत या ‘बरं’चा अर्थ मला लागलेला नाही.

रविवारी पहाटे निघालो. सोमवारी लेणी बंद, म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. जीप करुणाच्या भाच्याची, अतुलची. तो बँकेत अधिकारी आहे, पण स्वभावानं चांगला आहे. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट उतरलो, गाडं मागून सुतासारखं सरळ येत होतं! मी दर दोन मिनिटांनी मान वळवून बघत होतो, वरातीत नवरदेव नवरीकडे बघतो तसा. फर्दापूर पाच किलोमीटर राहिलं होतं आणि जीपचं मागचं चाक फुस्स करून बसलं.

“स्टेपनी?” मी विचारलं.

अतुल बूट न्याहाळत म्हणाला, “काका, ती पण पंक्चरच आहे. काढायचं राहून गेलं.”

जीप उचलायची तर मागचं गाडं सोडवणं भाग होतं. सोडवलं. त्याचा पुढचा पाय जमिनीवर टेकवून ते लिंबाच्या सावलीत उभं केलं. अतुल चाक घेऊन रिक्षानं फर्दापूरला गेला. दहा वाजले होते. अजून भरपूर वेळ होता! करुणा आत पुढच्या बाजूला चहाचं आधण ठेवायच्या तयारीला लागली आणि मी तो पितळी नळ सोडून ऐटीत हात धुतले.

हीच चूक झाली.

समोरच्या वस्तीवरून एक म्हातारी बाई डोळ्यांवर हात धरून बघत होती. तिनं गर्रकन वळून हाळी दिली, “ट्यांकर आला वं!”

पाच मिनिटांत रस्ता दिसेनासा झाला! हंडे, घागरी, ड्रम, तेलाचे डबे, एकीच्या हातात तर कुकर! टँकर तीन दिवस आला नव्हता म्हणे. सगळ्यांच्या पुढे एक ठसठशीत बाई होती, तिला सगळ्या सारजाबाई म्हणत होत्या. तिनं पहिला हंडा नळाखाली लावूनच मला विचारलं, “बाबा, इतका येळ? वाट बघून डोळे फुटायची पाळी आली.”

“नाही... म्हणजे... हा टँकर नाही,” मी म्हणालो.

“मंग टाकीत काय हाय?”

“पाणी.”

“मंग ट्यांकर नाय तर काय हाय!”

तोवर नळ तिनं सोडलासुद्धा होता.

खरं सांगू? नंतर मला मजाच वाटायला लागली! मागे ढकलाढकली सुरू झाली, तेव्हा मी हळूच म्हणालो, “रांगेत या.” आणि त्या रांगेत आल्या हो! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडच्या शब्दानं माणसं रांगेत उभी राहिली! पाटी नाही, काही नाही! मग मला कंठच फुटला. “घरटी एकच हंडा! आजी, तुम्ही पुढे या! कुकरवाल्या ताई, झाकण काढा आधी!”

“बाबा लई कडक हायेत,” मागून कुणीतरी म्हणालं. कडक! मी! छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं.

या भरात पुढची टाकी हलकी होत चालली आहे आणि मागे दोनशे ऐंशी किलो ज्ञान जागचं हललेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. गाडं मात्र विसरलं नव्हतं. त्याचा पुढचा पाय जमिनीपासून बोटभर उचलला गेला होता.

आतून करुणाचा आवाज आला, “अहो, बाहेर कसला गलका चाललाय?” आणि काय चाललंय ते बघायला ती पुढून मागच्या दाराकडे निघाली.

एक पाऊल. दुसरं पाऊल. तिसऱ्या पावलाला गाड्यानं घोड्यासारखे पुढचे पाय वर केले! नळ सारजाबाईच्या डोक्यावरून गेला, मागचा पत्रा धाडकन मातीत टेकला आणि आत पुस्तकांचा असा गडगडाट झाला, जणू कुठली दरड कोसळतेय!

“करुणा!”

काही आवाज नाही. मी धडपडत खिडकीकडे धावलो. अजिंठा दाखवतो म्हणून आणलं आणि...

“ओरडू नका,” खिडकीतून आवाज आला. “धडधाकट आहे मी. गळून पडलेल्या पडद्यांवर बसलेय. शब्दकोश मांडीवर आहे. पण दार उघडत नाहीये.”

कसं उघडणार? दार मागे, आणि मागची बाजू मातीत रुतलेली!

“अगं बया, आत माणूस हाय!” सारजाबाई ओरडली. “ये पोरींनो, हंडे ठिवा! लोंबा समद्या!” नऊ बायका जीपला जोडायच्या, वर गेलेल्या दांड्याला लोंबकळल्या. गाडं कुरकुरत खाली आलं. दार उघडलं. करुणा केस सावरत, मंद हसत उतरली. बायकांनी हात सोडले तसं गाडं पुन्हा वर!

“बाबा, असंच आपटत राह्यलं तर पत्रा फाटंल,” सारजाबाई म्हणाली. “आमी पानी परत आणून वतू का?”

दिलेलं पाणी परत मागायचं? मी जीभ चावली. “नको, नको!”

“मंग कुनीतरी वजनाला बसाया पाह्यजे, चाक येस्तोवर.”

सगळ्या बायकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. चोपन्न किलो! पण दांड्याच्या पार टोकाला बसलो आणि टाकीतलं उरलेलं पाणी मदतीला आलं, तेव्हा गाडं जेमतेम जमिनीवर राहिलं. मी जरा पुढे वाकलो तरी ते उचलू बघायचं. तरफेचं तत्त्व! मी पुस्तकात वाचलं होतं, आता त्यावर बसलो होतो.

साडेअकरा झाले, बारा झाले. अतुलचा फोन आला, पंक्चरवाला लग्नाला गेलाय, संध्याकाळ होईल. करुणा लिंबाखाली बसली होती. बॅगेची चेन तिनं परत लावून टाकली. ती चेन मला ‘राहू द्या आता’पेक्षा मोठ्यानं ऐकू आली.

“ताई, कुठं चालला होता तुम्ही?” सारजाबाईनं विचारलं.

“अजिंठ्याला.”

“मंग बसलात काय? मी तिथंच पेरू इकते रोज. आत्ता काळीपिवळी येईल. गेटाशी खुर्चीवर बसवून वर नेणारे समदे वळखीचे हायेत माझ्या. चला, मी दावते लेण्या!”

करुणानं माझ्याकडे बघितलं. “आणि हे?”

“जा!” मी ओरडलो. ओरडताना हललो, गाडं वीतभर उचललं, पुन्हा टेकलं. “जा, जा! मी काही पळून जात नाही!”

ती गेली. गाडीच्या खिडकीतून लहान मुलीसारखा हात हलवत गेली! एका बाईनं मला आतलं एक पुस्तक आणून दिलं, दुसरीनं भाकरी आणि ठेचा दिला, तिसरीनं हंड्यातलं माझंच पाणी पाजलं. आणि मी दांड्यावर बसून राहिलो, भर उन्हात, साडेचार तास, बाजारच्या दिवशी बैलगाडी राखणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. पण आतून कसा उकळत होतो सांगू! ती बघतेय! आत्ता, या क्षणी, ती बघतेय!

पाचला अतुल चाक घेऊन आला आणि पाठोपाठ काळीपिवळी. करुणा उतरली ती बोलतच! “अहो, पहिल्याच लेणीत हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व! डोळे असे खाली झुकलेले, असे शांत... मी खुर्चीवाल्यांना म्हटलं, मला इथंच बसू द्या थोडं. बिचारे थांबले. सारजाबाई तर रडायलाच लागल्या, म्हणाल्या, रोज येते पण असं बसले नव्हते कधी.” तिचे डोळे चमकत होते. पंचेचाळीस वर्षांत एवढी वाक्यं सलग मी तिच्याकडून ऐकली नव्हती.

मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्ही अजून इथंच? दिवसभर?”

“वजन,” मी अभिमानानं म्हणालो. “मी उठलो असतो तर गाडं उलटलं असतं!”

करुणानं गाड्याकडे बघितलं. आत विखुरलेल्या पुस्तकांकडे बघितलं. मग शांतपणे विचारलं, “अहो, मग त्यातली निम्मी पुस्तकं उचलून पुढे ठेवली असती, तर तुम्हाला नसतं का येता आलं?”

अतुल एकदम चाकाचे नट आवळायला लागला. सारजाबाईनं तोंडाला पदर लावला.

मी दांड्यावर जरा ताठ बसलो. दोनशे ऐंशी किलो पुस्तकं आहेत. बहुतेक सगळी वाचलेली आहेत, बरं का!