इनासकाका आणि थिनरचा ड्रम

सकाळी भेटल्यावर कोणी हात जोडतं, कोणी चहा विचारतं. इनासकाका थेट तुमच्या शर्टाची बाही चिमटीत धरून चोळायचे. "मिक्स कपडा हाय," म्हणायचे, "ठिनगी पडली की कातडीला चिकटतो. कॉटन घालून या." मी ऑफिसात चलनं फाडणारा माणूस, ठिणगीपासून साठ फूट लांब. तरी माझी बाही रोज चोळली जायची.

वसई पूर्वेच्या आमच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात ते लोखंडी पत्रे कापायचं प्लाझ्मा कटिंगचं मशीन चालवायचे. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जेवणसुद्धा उभ्याने. एक घास घेतला की धूर ओढणारा पंखा चालू आहे का बघायचं, दुसरा घेतला की कोणाच्या तरी खिशात लायटर चाचपायचा. टॉर्चचं नोझल बदलायचं तर आधी मेन स्विच बंद, आणि तो खरंच बंद आहे ना हे तीनदा जाऊन बघणार. "मशीन नातं वळखत नाय," हे त्यांचं पालुपद. त्यांच्याजवळ दहा मिनिटं थांबलं की आपलेही पाय वळवळायला लागत.

त्यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. मालक दर महिन्याला मला विचारायचा, "म्हातारा ठेवायचा का?" मी हो म्हणायचो. एका महिन्यात मात्र माझं डोकं फिरलं.

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझ्या मुलीला भाजी लावायची होती. मी एका रंगवाल्याकडून रिकामा ड्रम आणला, मधोमध कापून घ्यायला. काकांनी त्याच्या तोंडाशी नाक नेलं.

"थिनर. नाय कापनार."

"अहो, महिनाभर उन्हात पडलाय. आत थेंब नाही."

"थेंब नाय, वास हाय ना? वासच पेटतो."

मी चिडून दुसऱ्या ऑपरेटरला, सुनीलला, हाक मारली. तो तोंडावर काच ओढेपर्यंत इनासकाका ड्रमवर चढून बसले. जन्मात न बसणारा माणूस, पाय सोडून, सगळ्या कामगारांसमोर.

"कापा आता."

गाळा खो खो हसला. मला हसू आलं नाही. मी मालकाला सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून म्हातारा नको. मालक म्हणाला, मग तूच कळव त्याला.

म्हणून रविवारी मी पापडीला त्यांच्या घरी गेलो. चर्चमधली मिस्सा आटोपून ते नुकतेच आले होते. मला खुर्ची दिली आणि स्वतः अंगणात येरझारा घालू लागले. मी विषय कसा काढावा या विचारात होतो, तेवढ्यात तेच विहिरीपाशी थांबले.

"ड्रमाचा राग हाय ना तुमाला? माझा भाऊ होता, पास्कू. इथंच, या अंगनात. सनाच्या जेवनाला थिनरच्या ड्रमाची चूल करायची म्हनून गॅस-कटर घेऊन बसला. मला विचारलं, इनास, धुतलास ना रं? मी धुतला नव्हता. कंटाळा केला होता. हो म्हटलं."

ते पुन्हा चालू लागले.

"वहिनीला अजून सांगितलं नाय. तुमाला सांगितलं, तुमाला लेक हाय."

मला त्यांच्याकडे बघवेना. काय कळवायला आलो होतो ते मी बोललोच नाही. नाक्यावर येऊन मालकाला फोन लावला आणि म्हणालो, काकांना राहू द्या, माझी चूक झाली.

माझी चूक झाली. तीन शब्द. तेवढे बोलायलासुद्धा मला पापडीचा नाका गाठावा लागला.