साठ लिटरचा टब

तीन वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काढलेल्या गणिताच्या सरांचं नशीब आज एका प्लास्टिकच्या टबावर अवलंबून होतं. आज प्रयोगशाळेतच भरवलेल्या वर्गात शेवटच्या बाकाशेजारी तपासणीच्या बाई वही उघडून बसल्या होत्या. त्यांचा शेरा चांगला आला तर सर कायम, नाहीतर सुट्टीनंतर घरी.

पाठ होता 'दर'. इथल्या नळाखाली सरांनी कालच लिटरची बाटली भरून पाहिली होती. लिटरला बरोबर दहा सेकंद. म्हणजे मिनिटाला सहा लिटर आणि साठ लिटरचा टब दहा मिनिटांत. इकडे फळ्यावर उत्तर यायचं, तिकडे टब काठोकाठ भरायचा, असा थाट होता. रात्री बायकोसमोर तालीमही झाली होती. "आणि नळ बंद कोण करणार?" एवढंच तिने विचारलं. हिला गणितातलं काय कळतंय, म्हणून सरांनी विषय बदलला.

"मोज गं," तीच बाटली नळाखाली धरत सर पहिल्या बाकावरच्या घड्याळवालीला म्हणाले.

"सर, लिटरला पाच सेकंद."

"दहा."

"पाच, सर. दोनदा मोजलं."

"घड्याळ बिघडलंय तुझं. सगळ्यांनी दहा धरा!"

टब नळाखाली सरकवून सर फळ्याकडे वळले. सेकंदांची मिनिटं झाली, लिटरला लिटर छेदले गेले, उत्तर दहा आलं.

"सर, टब भरला," घड्याळवाली म्हणाली.

"कसा भरेल? पाचच मिनिटं झालीत."

"वाहतोय, सर."

"उत्तर काय आलंय? दहा ना? मग?"

एवढ्यात शिपाईमामांनी दारातून डोकं घातलं. "मोठ्या सरांनी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण सोडायला लावलाय! बाई आल्यात ना. धार बघा कशी झकास!"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी झेप घेऊन नळ असा आवळला, की नळाची मूठच हातात आली. "व्हॉल्व्ह!" ते ओरडले. मामा गच्चीकडे पळाले. पाणी मात्र शांतपणे मागच्या बाकांकडे निघालं.

वर्गात कोणी किंचाळलं नाही. सगळे खाली वाकून फरश्या मोजत होते.

"एका फरशीला आठ सेकंद," घड्याळवालीने जाहीर केलं. "बाईंच्या खुर्चीपर्यंत पंधरा फरश्या. एकशेवीस सेकंद, म्हणजे दोन मिनिटं."

"बाई, पाय वर घ्या!" सर काकुळतीला आले.

"थांबा हो," बाईंनी स्वतःचं घड्याळ पुढे धरलं. बरोबर दोन मिनिटांनी त्यांची चप्पल भिजली. वही मांडीवर घेऊन त्यांनी शेरा लिहिला, सही ठोकली, वही बाकावर ठेवली आणि चपला हातात घेऊन निघून गेल्या.

सरांनी वही उचलली. 'मुलांना दर उत्तम समजला आहे. सरांना अजून समजायचा आहे. सरांना कायम करावे.'

त्यांनी तीनदा वाचलं. रडावं की हसावं, कळेना.

घड्याळवालीने त्यांच्या कोपराखालून डोकावून पाहिलं. "चांगलं दोन, वाईट एक. दोनास एक, सर."

या वेळी सरांनी वाद घातला नाही.