मधोमध, ठळक, काळाभोर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला सांगितलेलं काम एवढंसंच होतं. दवाखान्याच्या नव्या वेबसाइटवर एक पान हवं होतं. पांढऱ्या पडद्यावर एकच ‘ग’, बरोबर मधोमध. लोकांनी घरबसल्या एक डोळा झाकून तो वाचायचा. नवऱ्याचं पोट वेबसाइट बनवण्यावरच चालायचं, त्यामुळे ‘चहा गार व्हायच्या आत होईल’ असं तो म्हणाला.

‘ग’ला ते मान्य नव्हतं. दोन्ही बाजूंचे समास ‘ऑटो’ केले, तर तो मधे आला खरा, पण वर छताला चिकटला. वरून निम्मं आणि डावीकडून निम्मं अंतर दिलं, तर त्याचा नुसता कोपरा मध्यावर आला आणि बाकीचा देह खाली उजवीकडे लोंबू लागला. शेवटी नवऱ्याने पानाची ग्रिड, म्हणजे चौकटींची जाळी, करून ‘प्लेस-आयटम्स सेंटर’ एवढी एकच ओळ लिहिली. ‘ग’ अलगद मधोमध येऊन उभा राहिला. खिडकी लहान केली, मोठी केली, फोन आडवा धरला, तरी ढिम्म हलेना. नवरा हात जोडायचाच बाकी होता. जेवताना त्याने वडिलांनाही त्याचं साग्रसंगीत वर्णन ऐकवलं.

"छानच जमलंय," बाई म्हणाल्या, "पण किती काळाकुट्ट रे! जरा सौम्य कर."

नवऱ्याने हॅशच्या चिन्हापुढे रंगाच्या सहा खुणा लिहून एक देखणा करडा रंग निवडला. त्यापुढे आणखी दोन जागा होत्या, पारदर्शकतेच्या. अक्षर आरपार दिसायला नको म्हणून त्याने तिथे दोन शून्यं ठोकली. त्या जागी रंगाचा भरीवपणा मोजतात आणि शून्य म्हणजे रंगच गायब, हे तो साफ विसरला. त्याच्या स्क्रीनवर आधीचंच पान साठून राहिलं होतं. त्यातला काळा ‘ग’च त्याला सौम्य वाटला आणि रात्रीच त्याने नवं पान सगळ्यांसाठी खुलं केलं.

सकाळी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

"डॉक्टर, उजवा झाकला, काही दिसेना. डावा झाकला, तरी काही नाही!" एक शिक्षिका रडकुंडीला आली होती.

"मी तर दोन्ही झाकून पाहिले," मागून बेकरीवाला म्हणाला. "तसंच!"

बाईंनी एकेकाला तपासलं. सगळ्यांचे डोळे ठणठणीत. मग त्यांनी स्वतः टॅबवर ते पान उघडलं आणि नवऱ्याला हाक मारली. पडदा कोरा करकरीत होता.

तेवढ्यात सासरे गाडीची किल्ली फिरवत आले. दरवर्षी ते भिंतीवरचा तक्ता न अडखळता म्हणून दाखवायचे आणि त्या जोरावर गाडी चालवायचे.

"एवढी गर्दी कशाला? आणा इकडे." त्यांनी टॅब हातात घेतला. "दिसतोय की! ‘ग’ आहे. अगदी मधोमध."

सगळ्यांनी वाकून टॅबकडे पाहिलं. पडदा अजून कोराच होता.

"बाबा, नीट बघा," नवरा हळूच म्हणाला.

"काय नीट बघायचंय? चांगला ठळक आहे. काळाभोर!"

बाईंनी सासऱ्यांपुढे हात केला. "बाबा, किल्ली द्या."

तपासलं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. "गाडीखाली कुणी सापडलं असतं तर?" एवढंच बाई म्हणाल्या. त्यावर सासऱ्यांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. मग शस्त्रक्रियेला मुकाट्याने तयार झाले.

दोन्ही डोळे बरे झाल्यावर ते मुलाच्या टेबलापाशी येऊन बसले. मुलाने पानभर रंग पसरला. हा रंग लिहायची तऱ्हा वेगळी होती. रंगांचं एक चाक मानायचं आणि आकडा वाढवत ते फिरवायचं. लालाचा नारिंगी झाला, पिवळा झाला, हिरवा झाला.

"थांब," सासरे एकदम म्हणाले.

पडद्यावर निळा होता. खोल, स्वच्छ, मोतीबिंदूच्या पिवळट पडद्याआड इतकी वर्षं विटून गेलेला. त्यांच्या चेहऱ्यावरही त्याचा उजेड पडला होता. बाई दारात येऊन थांबल्या.

"हा कधीपासून आहे?"

"पहिल्यापासूनच आहे, बाबा."

सासऱ्यांनी पडद्यावरची नजर न काढता मान हलवली.

"कमाल आहे! घरात डोळ्यांची डॉक्टर, आणि मला कुणी सांगितलं नाही."