रबर निबर झालं की

डॉक्टर काकूंच्या पाठीला नळी लावून श्वास ऐकत होते, आणि काकूंचे यजमान, म्हणजे आमचे शेजारी मन्मथअप्पा, ती नळी अंगठ्यानं दाबून बघत होते. दोनदा दाबली, जरा नख लावलं आणि म्हणाले, "डॉक्टर, निबर झालीय ही. हिच्यातून काय ऐकू यायचं?" मी माझी सर्दी घेऊन बाकावर बसलो होतो. मी मान खाली घातली, कारण हे मास्तर आमच्या घराला घर लागून राहतात असं अप्पांनी नुकतंच सगळ्या दवाखान्याला सांगून ठेवलं होतं.

निबर हा शब्द आपण भेंडीला वापरतो, वांग्याला वापरतो. अप्पा तो रबराला वापरत, आणि तिथून पुढं सगळ्या दुनियेला. त्यांच्या हिशेबी जगात दोनच जाती होत्या, निबर आणि कवळं. कुकरची रिंग, चपलेचा पट्टा, एसटीच्या खिडकीची पट्टी, दिसेल ते रबर ते अंगठ्यानं दाबत आणि निकाल देत. आमच्या घरी चहाला आले की आधी कुकर मागायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, अप्पा, चहा कुकरात करत नाहीत. त्यावर त्यांनी माझ्या दंडाकडे नुसतं बघितलं आणि माझ्या बायकोला सांगितलं, "तुमचे मास्तर आतून निबर हायेत वैनी."

परळीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अप्पांचं तेल-पेंडीचं दुकान. माणूस बुटका, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, धोतराला कायम तेलाचे डाग. ही रबराची भानगड त्यांच्या मागं लागली ती गाडीमुळं. अंबाजोगाईच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी आपली जुनी, फिकट हिरवी, गोल दिव्यांची गाडी विकायला काढली होती आणि अप्पांनी ती घेतली. इंजिन ठणठणीत. पण बारा वर्षं उन्हात उभी राहून काचांभोवतीचं रबर तडकलेलं, आतलं काळं प्लास्टिक राखेसारखं पांढुरकं पडलेलं, बंपरवरची पट्टी कुठल्या रंगाची होती हे सांगायची सोय नाही.

ती वर्षं कशी होती आठवा. गल्लीत केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडीचं पिवळं खोकं आलं होतं, आणि समोरच्या कापड दुकानदारानं कोरी पांढरी छोटी गाडी आणून पेढे वाटले होते. त्यानं अप्पांना म्हटलं, हे भंगार कावून घेतलं, हप्त्यावर नवी मिळते की आता. अप्पा त्या नव्या गाडीत मिनिटभर बसले आणि नाक पुसत उतरले. म्हणाले, "प्लास्टिकचा वास लई हाय. बसवायचं न्हाई कुणाला." दुकानदाराला राग आला. मलाही वाटलं, द्राक्षं आंबट.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे माझं दुर्दैव. रोज संध्याकाळी अप्पा कट्ट्यावर मला गाठत. "मास्तर, रबर म्हातारं कावून होतं?" मी सांगायचो, ऊन आणि हवेतला ऑक्सिजन. ते म्हणायचे, ऊन मला पण लागलंय, मी कुठं तडकलो? मग प्रयोग सुरू व्हायचे. जवसाचं तेल लावलं, तर दारं चिकटून बसली आणि अप्पा खिडकीतून बाहेर आले. बुटाचं काळं पॉलिश लावलं तेव्हा गाडी खरंच नवी दिसायला लागली. मी कौतुकानं आत बसलो आणि पांढऱ्या विजारीवर काळा पट्टा घेऊन शाळेच्या तपासणीला गेलो. पण पॉलिश त्यांनी माझ्या विजारीसाठी काढलं नाही, वासासाठी काढलं. रॉकेलही त्याचसाठी नको, फिनेलही नको. गाडीला वास नको म्हणजे नको. वासाचं काय एवढं, हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

सगळ्यात गाजला तो शेंगदाण्याचा कूट. फडक्यात बांधून तो बंपरच्या पट्टीवर आणि आतल्या प्लास्टिकवर चोळला, आणि काय सांगू, पांढुरकेपणा जाऊन खाली चक्क काळाभोर रंग निघाला. अप्पांनी गल्लीला बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रानाकडं निघालेली शेरडं गल्लीतून गेली. एक शेळी मागं राहिली. तिनं पट्टी चाटून साफ केलीच, वर मागच्या दाराचं वीतभर रबर ओढून खाल्लं. मेंढका घाबरून हात जोडायला लागला. अप्पा मात्र खुशीत. म्हणाले, "शेळी निबर खात न्हाई मास्तर. म्हंजे रबर कवळं झालंय." तुटला तुकडा त्यांनी सायकलच्या ट्यूबचा बसवला.

शेवटी एरंडेल आणि ग्लिसरीन यांच्यावर गाडी थांबली. रोज सकाळी पूजा आटोपली की अप्पा बोटाच्या टोकानं एकेक खिडकी माखत.

दसऱ्याला त्यांनी जाहीर केलं की एक शर्त लागली आहे. मागच्या सीटवर पांढरा धुतलेला रुमाल पसरायचा, काचा बंद करायच्या, केजपर्यंत जाऊन यायचं. रुमाल पांढराच राहिला पाहिजे, आणि तेही भाऊबीजेच्या आत. शर्त कुणाशी, तर म्हणे हाय एकाशी. गल्लीनं कापड दुकानदाराचं नाव घेतलं. तो शपथेवर नाही म्हणाला.

पन्नासेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. अंबाजोगाईच्या पुढं रस्ता उखडलेला, आणि समोरून एसटी गेली की दोन मिनिटं काही दिसत नसे. त्यात ऑक्टोबरचं ऊन, चारी काचा बंद, आणि साक्षीदार म्हणून शेजारी मी. घाम पुसायला मी एकदा तो रुमाल उचलला तर अप्पांनी गाडीच थांबवली. पहिल्या खेपेला रुमाल तांबडा झाला. दुसऱ्या खेपेला मीच देवापुढच्या वातीचा कापूस नेला आणि फटीफटीला धरत गेलो. कुठं हलत नव्हता. एका कोपऱ्यात हलला. शेळीनं खाल्लेली जागा. खरं सांगतो, मला पोरासारखा आनंद झाला. आता शर्त माझीही झाली होती; ती फट आम्ही दोघांनी मिळून बुजवली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी तिसरी खेप. परत आलो, अप्पांनी मागचं दार उघडलं. रुमाल पांढरा होता. मी दोन्ही बाजूंनी बघितला, उन्हात धरून बघितला. म्हटलं, चला चौकात, दाखवू सगळ्यांना. अप्पांनी तो माझ्या हातातून घेतला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

काकू करंज्या लाटत होत्या. त्यांनी हात धुतले, रुमाल घेतला, उलटासुलटा केला, नाकाला लावला. मग खाली बसल्या. "येते मी," एवढंच म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आला.

शर्त काकूंशी होती. त्यांचं माहेर केज. दमा लहानपणापासूनचा, धुळीनं आणि वासानं उसळणारा. सहा वर्षांमागं माहेराहून येताना जीपमध्ये त्यांचा श्वास असा अडकला की अंबाजोगाईच्या दवाखान्यात चार दिवस काढावे लागले. त्यानंतर त्यांनी परळी सोडली नव्हती. अप्पा केजला एकटे जात. तिथं सासूबाई, दिसत नाही, अंथरुणाला खिळलेल्या, दर खेपेला विचारत, गिरजी आली का? अप्पा सांगत, पुढच्या खेपेला. आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो, आणि हे मला माहीत नव्हतं. मला कुकर तेवढा दिसत होता.

भाऊबीजेला गाडी निघाली. काकू मागं बसल्या, मांडीवर रुमाल. अप्पांनी चारी खिडक्यांवरून एकदा अंगठा फिरवला. गल्ली दारात उभी होती. कापड दुकानदारही होता.

तिसऱ्या दिवशी अप्पा एकटेच परत आले आणि तडक माझ्याकडं आले. काकू पंधरा दिवस राहणार होत्या. श्वास? अगदी साफ. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्यापुढं धरला. मधोमध कुंकवाचा लांब ओरखडा, कडेला काजळ.

"खराब झाला मास्तर," ते म्हणाले. "म्हातारीनं हिचं तोंड चाचपलं. म्हणली, गिरजे, एवढ्या लांबून आलीस, तोंड धुळीनं भरलं आसंल, आण पुसते. धूळ कुठं होती? एक कण नव्हता. पण ही काय बोलली न्हाई. तोंड म्होरं केलं आन पुसू दिलं."

मी चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसलो, चांगला वेळ. अप्पांनी हात पुढं केला आणि माझा दंड अंगठ्यानं दाबून बघितला. एकदा, दोनदा.

"न्हाई," ते म्हणाले, "कवळं हाय अजून."