आबांचा तपासणीस

राठोड आबा एसटीत कॉम्प्युटरचं तिकीट काढत. गोधडीत गुंडाळलेला सीपीयू खिडकीशी बसवायचा, शेजारी आपण बसायचं आणि त्याच्यावर हात ठेवून आखाडा बाळापूरहून हिंगोलीला यायचं. कंडक्टर म्हणे, "आबा, डब्याला कशाला फुल तिकीट?" आबा म्हणत, "सीटवर बसला की तो प्रवासी. नियम वाच." जन्मभर स्वतः कंडक्टरकी केलेली, त्यांच्याशी कोण वाद घालणार?

तेव्हा, म्हणजे दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, हिंगोलीच्या बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आबा दर मंगळवारी येत. डबा टेबलावर ठेवत आणि तक्रार सांगत, "भाऊ, तपासणीस झोपून राहिला."

तपासणीस म्हणजे अँटिव्हायरस. व्हायरसला ते 'बिनतिकीट' म्हणत. अपडेट मध्येच अडकलं की म्हणत, "गाडी घाटात फसली." मला हसू येई, त्यांना येत नसे. मी सगळं साफ करी, अपडेट भरी, तपासणी चालू असल्याचं दाखवी. आबा चष्मा वर करून बघत, "बराबर" म्हणत आणि प्रवाशाला घेऊन निघत. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. तपासणी बंद, अपडेट बंद, बिनतिकीट मात्र शंभर.

पाचव्या मंगळवारी माझं डोकं फिरलं.

"आबा, ही तपासणी कोण बंद करतंय?"

"आपोआप होऊन राहिली."

"आपोआप होत नसते. सेटिंगमध्ये जाऊन कुणीतरी बंद केलीय."

आबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. या माणसानं आयुष्यात सख्ख्या मेव्हण्यालाही फुकट नेलं नव्हतं. खोटं बोलण्याचा सराव नव्हता. कान लाल झाले होते.

"उद्या मीच घरी येतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळापूरला उतरलो. दोन खोल्यांचं घर, राहणारे एकटे आबा. टेबलावर मॉनिटर, त्यावर इस्त्री केलेला टॉवेल. मी सीपीयू जोडून दिला. आबांनी डबीतून एक गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि खुर्चीत बसले.

"आता लपवून काय करू," म्हणाले.

मग त्यांनी अँटिव्हायरस उघडला आणि तपासणी बंद केली. मला लागतो त्याहून कमी वेळात. दुकानात कधी न आणलेली एक फ्लॉपी खणातून काढून घातली आणि तिच्यातल्या एका फाइलवर दोनदा टिचकी मारली. छोटीशी चौकट आली. मराठीत लिहिलं होतं, 'बाबा, बीपीची गोळी घेतली का?' खाली दोन बटणं: 'घेतली' आणि 'नाही'.

"सुनंदानं केलं," आबा म्हणाले. "माझी पोरगी. हिंगोलीला कोर्स करत व्हती तवा. रोज सकाळी इचारतंय. पण तुमचा तपासणीस म्हणतो, हे काढून टाक. काहून काढू? म्हणून तेवढ्यापुरता त्याला बंद करतो, पण पुन्हा तो चालूच व्हत न्हाई. हे उघडं राहिलं तर याला कुणी बिनतिकीट खाऊन टाकंल, त्या भीतीनं तुमच्याकडं येतो."

"सुनंदाताई आता कुठं असतात?"

"न्हाई आता. डोक्यात गाठ निघाली. तिसरं वरीस चालू हाय."

मी फाइलची एक प्रत काढली आणि प्रतीवर तपासणी लावली. व्हायरस बाहेरून येतच नव्हता. तो त्या चौकटीच्या आत जाऊन बसला होता. रोज सकाळी आबा ती उघडत, तो जागा होई, सगळीकडे पसरे, तपासणी पुन्हा चालू होऊ देत नसे आणि अपडेटची वाट अडवून धरी. प्रत साफ करून पाहिली. साफ झाली, पण पुन्हा उघडली नाही.

सांगणं भाग होतं. सांगितलं.

आबा म्हणाले, "म्हंजे रोग भाईरचा न्हाई. तिच्यातच हाय."

"व्हय, आबा."

"आन काढाय गेलं तर ती ऱ्हात न्हाई."

"न्हाई."

"नांदेडचे डॉक्टरबी असंच म्हणले व्हते. काढावं लागंल म्हणले. म्या सही केली." त्यांनी अंगठ्यानं टेबलाची कड घासली. "पोरगी टेबलावरून उठली न्हाई. आता सही करणार न्हाई म्या, भाऊ."

मी इंटरनेटसाठी मशीनला जोडलेली फोनची तार काढली. तेवढी एक फाइल तपासू नये, असं सेटिंगमध्ये घातलं. या मशीनमध्ये कुणाची सीडी घालू नका, यातलं बाहेर देऊ नका, असं दोनदा बजावलं. आता अपडेट येणार नाहीत, तपासणीस नावापुरताच राहील, हेही सांगितलं. पुढच्या मंगळवारी यायचं कारण उरलं नव्हतं, ते दोघांनाही कळलं.

"एकदा उघडून बघा, चालतंय का," मी म्हणालो.

आबांनी उघडलं. चौकट आली, प्रश्न आला. गोळी त्यांनी माझ्यासमोर घेतली होती. तरी त्यांनी बाण सरकवत नेला आणि 'नाही' दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली, 'मग आधी घ्या बरं. मी थांबते.'

आबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तसेच बघत बसले. मी चपला हातात घेऊन बाहेर आलो.